पाणी नको म्हणणारी बाई

आमच्याकडे उन्हाळ्यात कोणाच्याही दारात उभं राहिलं की आतून आधी पाण्याचा तांब्या येतो, मग माणूस. नाव, काम, ख्यालीखुशाली सगळं नंतर. बुऱ्हाणपूर शहरात आता तांब्याऐवजी ट्रेमधून स्टीलचा ग्लास येतो, पण येतो. आणि आलेलं पाणी नाकारायचं नसतं. तहान नसली तरी निदान ओठाला लावायचं. नाही लावलं तर समोरच्याला वाटतं, आपलं घर हिला चालत नाही.

मला दिवसाला पाऊण लिटर पाणी चालतं. चहा, वरण, ताक, गोळी गिळायचा घोट, सगळं धरून. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत आणि आठवड्यातून दोनदा मशीन माझं रक्त धुतं.

औषधं सांगायला मी हे लिहीत नाही. ती डॉक्टरांनी सांगावीत. मला पथ्याचा कागद मिळाला होता, त्यात काय खायचं, काय प्यायचं सगळं होतं. त्या पथ्यानं माणसं कशी लांब जातात हे त्यात नव्हतं. ज्याला आज-उद्या हे सुरू होईल त्याच्या कानावर ते असावं, एवढ्यासाठी लिहिते.

*

मी दापोऱ्याची. घरी केळी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सकाळच्या बसने बुऱ्हाणपूर, दुपारी परत, मग शेतावर भाकरी घेऊन जायची. मी बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले नाहीत. सगळ्या आळीला केळीची एकेक फणी वाटली. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते आता नाहीत.

लग्न केलं नाही. का नाही, ती गोष्ट वेगळी आहे आणि तिचा किडनीशी संबंध नाही. शहरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते, एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. गावात कोणाचा फॉर्म भरायचा असला, बँकेतल्या साहेबाशी बोलायचं असलं की फोन मला येतो. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

पाय सुजायचे. वाटायचं, दिवसभर फळ्यापाशी उभं राहून सुजतात. जेवणावरची वासना उडाली, तोंडाला लोखंडाची चव यायला लागली. वाटलं, ऊन बाधलं. शाळेचा जिना चढताना धाप लागली तेव्हा एकदाची रक्त तपासायला गेले.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

“साथ में कौन है?”

“कोई नहीं. मुझे ही बताइए, मैं साइंस पढ़ाती हूँ.”

“फिर भी, घर से किसी को बुला लेतीं तो...”

“डॉक्टर साहब, किडनी मेरी है.”

मग त्यांनी सांगितलं. मी दरवर्षी पोरांना फळ्यावर किडनी काढून दाखवते, राजम्याच्या दाण्यासारखी. डॉक्टर बोलत होते आणि मला तोच खडूचा राजमा दिसत होता, डस्टरने अर्धा पुसलेला. ते थांबले तेव्हा मी अगदी बावळटासारखं म्हटलं, “पर पानी तो मैं खूब पीती हूँ. रोज़ आठ गिलास. बच्चों को भी घंटी बजाकर पिलवाती हूँ.”

“अब नहीं पीना है,” ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मला पुन्हा विचारावं लागलं.

बाहेर आले तर ऊन रणरणत होतं. रस्त्याच्या कडेला प्याऊ लागली होती, लाल फडक्यात गुंडाळलेले माठ. तिथल्या बाईंनी हाक मारली, “पानी पी लो दीदी, धूप बहुत है.”

“नहीं चाहिए,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी येऊन फोन हातात घेतला. त्यात नावं पुष्कळ. एकही दाबलं नाही. या सगळ्यांना मी मदत करणारी. मदत मागायला आवाज कुठून काढतात, तेच मला माहीत नव्हतं.

*

डायलिसिसच्या खोलीत शिरलं की आधी वजनकाटा. दोन वेळांच्या मधे अंगात जेवढं पाणी साठलं, तेवढं वजन वाढतं. तुम्ही सिस्टरला काहीही सांगा, काटा खरं सांगतो.

माझ्या शेजारच्या बेडवर सलीमभाई. पॉवरलूमवर आयुष्य काढलेला माणूस, जोरात बोलायची सवय. मागाच्या खडखडाटात हळू बोलून कोणाला ऐकू येणार?

“क्यों मैडम, इस बार कितना चुराया?”

“थोड़ा सा. आपने?”

“मैंने तो डाका डाला है. भतीजे की शादी का वलीमा था, शरबत बँट रहा था. हाथ अपने आप बढ़ गया.”

“सलीमभाई,” सिस्टर काट्याकडे बघत म्हणायची, “अगली बार आपको मशीन नहीं, बोर की मोटर लगाऊँगी.”

सगळे हसायचे. मग सुया टोचल्या जायच्या आणि हसू थांबायचं. चार तास पडून राहायचं. प्रत्येकाच्या उशाशी कोणीतरी बसलेलं असायचं: बायको, मुलगा, सून. माझ्या उशाशी स्टूल होतं, त्यावर माझी पर्स. नवी सिस्टर आली की विचारायची, “आपके साथ कौन है?” मी पर्सकडे बोट दाखवायचे. पहिल्यांदा ती हसली. नंतर नाही.

एकदा लाइट गेली. मशीनला बॅटरी असते, पंख्याला नसते. सलीमभाईंच्या बायकोने त्यांना पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली. थोड्या वेळाने माझ्याही तोंडावर वारा आला. तिने स्टूल सरकवून दोन बेडच्या मधे घेतलं होतं आणि एका हाताने दोघांना वारा घालत होती. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी भिंतीकडे तोंड केलं, डोळे भरले होते म्हणून.

माझ्या डाव्या हातात मशीनसाठी शिरा जोडल्या आहेत. तिथे बोट ठेवलं की आत सतत घरघर लागते. झोपताना तो हात उशीवर कानाजवळ आला की आवाज कानात येतो, दूरच्या गल्लीत माग चालावा तसा. माझ्या घरात तेवढाच काय तो आवाज.

*

मी शिक्षिका म्हणून लोक विचारतात, “मॅडम, मग पाणी प्यावं तरी किती?”

मी आठ ग्लास शिकवायचे. आता नाही शिकवत. धडधाकट माणसाने तहान लागेल तसं प्यावं. उन्हात केळी तोडणाऱ्याला जास्त लागेल, पंख्याखाली वह्या तपासणारीला कमी. वरणात पाणी असतं, काकडीत असतं, चहातही असतं. लघवी गडद पिवळी व्हायला लागली तर आणखी प्यावं. माझ्या घरमालकांना मुतखडा आहे, त्यांना डॉक्टर म्हणतात भरपूर प्या. मला म्हणतात पाऊणच लिटर. आम्ही एकाच नळाचं पाणी भरतो. त्यामुळे कोणाचं माप कोणाला लावू नका, आणि किडनीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर मोबाइलवरच्या माणसाला विचारू नका.

ज्यांना माझ्यासारखं माप मिळालंय, त्यांच्यासाठी चार गोष्टी. सकाळी दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरायचं. चहा प्यायलात की तेवढं बाटलीतून ओतून द्यायचं. मीठ कमी करा, तहान निम्मी मिठातून येते. पापड-लोणच्याचं नावही नको. फार झालं तर चूळ भरा, बर्फाचा खडा चघळा, तोही मोजून. आणि तहान लागली तर स्वतःवर रागावू नका. मी पडल्या पडल्या या शहराखालून वाहणाऱ्या जुन्या बोगद्यातल्या पाण्याचा विचार करते. शाळेची सहल घेऊन तिथे खाली उतरले होते. अंधारात पाण्याचा आवाज, गार भिंत. विचाराचं वजन काट्यावर येत नाही.

*

गावी सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी. धाकटा भाऊ गोपाळ दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन हजर.

“ताई, डाक्टर बदल.”

“कामून?”

“किडनी खराब झाली म्हंते, अन तो पाणीच तोडू राहिला? केळीचं पाणी तोडलं तं काय होते? पान पिवळं, घड बारीक.”

“गोपाळ, मी केळ नाही.”

“मानूस काय न् केळ काय. पाण्याबिगर कोन जगते?”

“बरं. ज्या जमिनीतून निचरा होत नाही, तिच्यात तू आणखी पाणी सोडतो का? मूळ कुजते का नाही?”

तो विचारात पडला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, “ते निचऱ्याचं अलग असते.”

जाताना केळीचा आख्खा घड आणि डझनभर नारळ ठेवून गेला. केळ्यात आणि नारळपाण्यात पोटॅशियम असतं, ते माझ्यासारख्याच्या हृदयाला थांबवू शकतं. केळी उत्पादकाच्या मुलीला केळं बंद. मी घड घरमालकांना दिला आणि गोपाळला फोनवर सांगितलं, गोड होती.

पुढे मी गावी गेले. शेजारच्या चुलतीने, आमच्या काकूने, हाक मारली. ओट्यावर बसले. तांब्या आला.

“काकू, पाणी नको. डाक्टरने बंद केलं.”

“पाणी बंद?” काकू हसली. “पाणी कोनता डाक्टर बंद करते, बाई? सांग नं सरळ, माठाचं चालत नाही. तुले फिल्टरचं लागत असीन.”

मी समजावलं. जेवढं समजावलं तेवढं ते भाषणासारखं व्हायला लागलं. संध्याकाळी शहरात परतले तर मायचा, म्हणजे आईचा, फोन. काकू आळीभर सांगत होती, पोरगी शिकली, आता आपलं पाणीबी चालत नाही तिले.

“एक घोट घेतला असता तं काय बिघडलं असतं?” माय म्हणाली.

“माय, आळीत दर घरी एक घोट म्हटलं तरी माझा दिवस आळीच्या मधातच संपते.”

“मंग नको येत जाऊ आळीत,” माय म्हणाली. ती चिडून म्हणाली होती. मी ते खरंच धरलं.

जाणं बंद केलं. फॉर्म भरायचे फोन आले, ते भरून दिले. लग्नांचे आहेर पाठवले. दापोरा माझ्या खोलीपासून किती, पिकअपने गेलं तर एक गाणं संपून दुसरं अर्धं होईल. पण पाणी न पिता कोणाच्या घरात शिरायचं कसं, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

*

आखाजीला मात्र मायने स्वतः फोन केला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात.

“दादांची घागर हाये,” माय म्हणाली. “तू नाही आली तं कोन हाये त्यांचं शिकलेलं?”

मी गेले. घागर मातीची, तिच्यावर खरबूज, दोन आंबे. गोपाळने पाणी ओतलं, वहिनीने, गोपाळच्या बायकोने, ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया. त्या ताटातलं मला जवळजवळ काहीच चालत नव्हतं. बाहेर ऊन असं की झोके रिकामे होते.

गोपाळने ग्लास पुढे केला. “ताई, घागरीतलं हाये. दादांचं. हे तरी घे.”

सगळे बघत होते. काकूही होती. मी घेतला. माझ्यासारख्याने एकदा पहिला गार घोट घेतला की पुढचं हातात राहत नाही, हे तहानलेल्यालाच कळेल. वाळ्याचा वास होता त्याला. मी ग्लास रिकामा केला. माय इतकी खूष झाली की तिने लगेच दुसरा भरला. मग आमरसाची वाटी, मग “थोडसं” ताक. काकू म्हणाली, “पाह्यलं? काय झालं तिले? चांगली तं हाये.”

खरं सांगते, त्या दुपारी मी फार सुखात होते. कोणी मला वेगळं काढलेलं नव्हतं.

पहाटे आडवं होता येईना. आडवी झाले की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. भिंतीला टेकून बसले तर खोकला. उजाडता उजाडता गोपाळने पिकअप काढली. केळी मंडईत न्यायला गाडीत पानं अंथरली होती, त्यांच्यावरच मायच्या मांडीला टेकून बसले. श्वास पुरेना. माझं तोंड उघडं, ओठ कोरडे. मायने पिशवीतून बाटली काढली, टोपण उघडलं आणि माझ्या ओठाला लावली.

“पे बाई, घसा सुकला तुवा.”

मी बाटली हाताने लोटली. बोलायला हवा नव्हती, म्हणून जोरात लोटली. सगळं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या मायने माझ्याकडे असं कधी बघितलेलं नव्हतं. ओलं लुगडं घेऊन ती तशीच बसून राहिली, माझं डोकं धरून, दवाखाना येईपर्यंत.

“साथ में कौन है?” सिस्टरने विचारलं.

“हम हैं,” गोपाळ ओरडलाच. “हम हैं साथ में.”

“इतना पानी किसने पिलाया?”

मास्क बाजूला करून मी म्हटलं, “मैंने पिया.”

मशीन लागलं. गोपाळ पायथ्याशी उभा राहून त्याच्याकडे टक लावून बघत होता. सिस्टरने त्याला दाखवलं, किती पाणी काढायचंय.

“इतना पानी था कहाँ?” त्याने विचारलं.

सिस्टरने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “यहाँ. फेफड़ों में.”

तो बाहेर निघून गेला. त्याचा निचरा त्याला समजला होता. मला मात्र तो असा समजायला नको होता.

*

मला वाटलं, आता सुटले. आता सगळ्यांना माहीत आहे, आता मी जाईन-येईन.

पोळ्याला गेले. बैल रंगवून उभे होते. मला आळीत शिरताना बघितलं तशी काकूने ओट्यावरची कळशी उचलून आत नेली. वहिनी पोरांना दबक्या आवाजात म्हणाली, “आत्यासमोर पाणी नका पेऊ रे.” पोरगं ग्लास घेऊन मागच्या दाराने पळालं. माझ्या घरच्या माठावर टोपली पालथी घातलेली.

मी उंबरठ्याशी चप्पल काढून उभी. समोर माय, गोपाळ, वहिनी. आमच्याकडे बोलणं पाण्यापासून सुरू होतं. पाणीच विचारायचं नाही म्हटल्यावर पुढचा शब्द कोणता, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. ज्याला गावाने वाळीत टाकलं, त्याला पाणी विचारत नाहीत. हे सगळे माझ्यावर जीव टाकणारे होते, आणि मी त्यांच्या दारात तशी उभी होते.

मशीनवर इतके दिवस पडून राहिले, पण असं एकटं मला तिथेही वाटलं नव्हतं. मागे वळून बस धरावी असं वाटलं. धरली असती तर पुन्हा आले नसते, मी स्वतःला ओळखते.

“माय,” मी म्हटलं, “पाणी नाही विचारत का?”

मायचे डोळे लगेच भरले. “कसं विचारू बाई? त्या दिशी मीच तुले...”

“तू विचार. नाही म्हनायचं काम माझं हाये. तुवं काम तू सोडू नको.”

ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती देवघरातली तांब्याची पळी आणि छोटं पंचपात्र घेऊन बाहेर आली. सत्यनारायणाचं तीर्थ देतात, ती पळी.

“पाणी घेते का, बाई?” तिने विचारलं.

मी उजवा हात पुढे केला. तिने माझ्या तळव्यावर एक पळी ओतली. माठाचं होतं, गार. मी ते प्यायले आणि ओला हात डोळ्यांवरून, डोक्यावरून फिरवला, तीर्थाचा फिरवतात तसा.

काकू आपल्या ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, “एक पळी माह्या घरचीबी घेशीन का?”

“येते काकू. पळी काढून ठेव.”

“ताई,” गोपाळने हळूच विचारलं, “हेबी मोजते का?”

“मोजते तं,” मी म्हटलं, आणि आत गेले.